साराबाईचा जोंधळा

आईचं शेवटचं पत्र मला पुण्याला कॉलेजच्या वसतिगृहात मिळालं. १९४७ चा जानेवारी होता. आईला लिहिता येत होतं, पण चार ओळींनंतर तिचा हात अवघडायचा, म्हणून पत्रंही चारच ओळींची असत. 'दानू, हुरडा लागलाय. एक दिवस तरी ये. औंदा दाणा गोड हाय.' चौथी ओळ लिहून खोडलेली होती. मी ती भिंगाखाली धरली. शाईच्या रेघांमागे अक्षरं दिसली : 'दयाला पण लई आवडतो.'

बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं पंधरा दिवसांवर आहेत, ती झाली की येतो, असं मी उलट टपाली कळवलं. प्रात्यक्षिकं व्हायच्या आत तार आली. आई न्यूमोनियानं गेली होती. सोनईपासून तीन मैलांवरच्या आमच्या वाडीत मी पोचलो, तेव्हा तिला मूठमाती देऊन दोन दिवस झाले होते. शेतात गेलो आणि एक कणीस तळहातावर चोळलं. दाणा कडक झाला होता. हुरडा संपला होता.

घरामागं आमचं दीड एकर रान आहे. वडील शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. सातबाऱ्यावर नाव त्यांचं होतं, पण शेत आईचं. तिच्या पारनेरकडच्या माहेराहून आलेला जोंधळा ती पेरायची. दाणा टपोरा, पांढऱ्यावर किंचित गुलाबी झाक. भाकरीला तो इतरांसारखाच होता. हुरड्याला मात्र त्याच्यासारखा दुसरा नव्हता. आगटीत भाजून हातावर एकदा चोळला की कोंडा आपोआप सुटायचा आणि दाणा दुधासारखा गोड लागायचा. वाडीत त्याला साराबाईचा जोंधळा म्हणत.

हुरड्याच्या दिवसांत आई सकाळी गोफण घेऊन बांधावर बसायची. आजूबाजूच्या रानांत चिमण्या हाकलायला आरडाओरडा चाललेला असे, आईची गोफण मात्र मांडीवरच पडलेली. बाबा चिडवायचे, "राखणीला बसली आहेस की पाखरांच्या सभेला?"

"बसू द्या की," आई म्हणायची. "दोन दानं खात्यात बिचारी."

मग ती उठून काही झाडांना लाल दोरा बांधून यायची. दोरा बांधलेली कणसं बियाण्याची. काढणी झाली की ती वेगळी काढून चुलीवरच्या आकड्याला टांगायची. धुरामुळं कीड लागत नसे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, नवं शिकलेलं सगळं घरात वापरून बघायच्या नादात, मी तिचं शेत मोजलं होतं. एकशे तेवीस कणसांत नऊ कणसांना काणी होती. काणी म्हणजे दाण्याच्या जागी काळी पूड भरते तो रोग.

"आई, सात टक्क्यांवर काणी आहे तुझ्या जोंधळ्यात."

"आसंल. दिसलं की उपटून जाळते अन् म्होरं जाते."

"पण आतापर्यंत किती उपटलीस?"

"ते कोन मोजतंय? मी चांगली हुडकत हुते," ती म्हणाली. "बाकीची चांगली हायेत ना?"

आमच्या घरात मोजायची सवय बाबांकडून आली. त्यांचंही एक मोजण्यासारखं काम होतं. ते 'रोमन मतांचे खंडन' नावाचा ग्रंथ लिहीत होते. आम्ही प्रॉटेस्टंट. बाहेरच्या माणसाला सगळे ख्रिस्ती सारखेच, पण आमच्या भागात तसं नव्हतं. बाबा रोज दिवेलागणीला वही उघडत आणि त्या दिवशी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत. पहिल्या नऊ वह्या लिहायला त्यांना आठ वर्षं लागली. पुढच्या सात वह्या दोन वर्षांत झाल्या, कारण मध्ये दया अक्काचं लग्न झालं.

अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात पीटर नावाचा फिटर होता. तो रोमन कॅथलिक होता. १९४५ मध्ये अक्कानं बाबांच्या मनाविरुद्ध त्याच्याशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघेना. वाचन मात्र वाढलं. एकदा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांचं काय चुकतं ते लई ऐकलं. तुमचं काय हाय ते एकदा वाचा की, मास्तर."

बाबांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली.

मी कोणाच्या बाजूनं होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. लग्नाच्या आधी मी अक्काला पुण्याहून पत्र लिहिलं होतं. त्यात हे लग्न का करू नये याचे क्रमांक घातलेले सहा मुद्दे होते.

* * *

१९४७ च्या पावसाळ्यात मी पदवी घेऊन घरी आलो. पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा निघणार होती, तिची वाट बघत होतो. सप्टेंबरात रब्बीच्या पेरणीची वेळ आली तेव्हा मी आईमागं काढणीला बाबांनी आकड्याला टांगलेली सगळी कणसं उतरवली. आईनं तिच्या हातानं बांधलेला लाल दोरा काजळून काळा झाला होता. कणसं मळली, दाणे भिंगाखाली घेतले. काही दाण्यांवर काळे ठिपके होते. ठिपके काणीचे आहेत हे कळल्यावर मला राग आला. आईच्या बियाण्यावर ते बसले होते. यंदा काणीचं एक कणीस या रानात दिसू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

उपाय सोपा होता. बी मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात भिजवायचं. पुस्तकात अर्ध्या टक्क्याचं पाणी आणि दहा मिनिटं असं दिलं होतं. मी तीन टक्क्यांचं केलं आणि सकाळपासून बी त्यात ठेवलं. शेजारची बनुमावशी, आईची जिवाभावाची मैत्रीण, कुंपणावरून डोकावली.

"आरं दान्या, ह्ये निळं निळं काय? बी हाय का धोतराला नीळ घालतूस?"

"काणी मारतोय, मावशी."

"काणी मरंल. बी जगंल का?"

"जगतं. पुस्तकात आहे."

"पुस्तकात किती येळ ठेवाया सांगितलंय?"

"दहा मिनिटं."

"आन् आता ऊन कुटं आलंय बघ." ती पदर सावरत म्हणाली, "तुजी आय आसती तर उलथनं हानलं आसतं पाठीत."

जोंधळा पाचव्या-सहाव्या दिवशी वर येतो. आठव्या दिवशी सगळ्या रानात मिळून चार कोंब दिसले. शेंडे जळलेले होते. चौदाव्या दिवशी तेही नव्हते. मी ठिकठिकाणी माती उकरली. दाणे हिरवट पडून कुजले होते. प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात की प्रयोग करताना थोडा नमुना हात न लावता बाजूला ठेवावा. मी एक मूठही ठेवली नव्हती. काणी मारण्याच्या नादात मला ते सुचलंच नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सोनईच्या बाजारात दुसरं बी मिळेल." ते आत गेले आणि चुलीवरच्या रिकाम्या आकड्याकडे बघत उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी वही उघडली, पण वाचलं नाही.

बनुमावशी दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. बाबा विहिरीवर होते. ती हळू आवाजात म्हणाली, "येक सांगते, पर मास्तरास्नी माज्या तोंडानं सांगू नगंस. दयाचं लगीन झालं तवा तुज्या आईनं दोन कनसं माज्याकडं दिली. म्हनली, आमच्या घरातनं पोरीची वटी भरायची न्हाई म्हनत्यात, तवा ह्येच तिच्या पदरात घाल. मी बाजारच्या दिशी दिली तिला."

"तिनं ठेवली असतील?"

"आईची वस्तू कोन टाकतंय का?"

हस्ताचा पाऊस संपत आला होता. विहिरीच्या पाण्याचा आधार धरला तरी पेरणीला जेमतेम दहा दिवस उरले होते. मी मच्छिंद्रची, म्हणजे बनुमावशीच्या मुलाची, सायकल मागून घेतली.

* * *

राहुरीवरून मुळा आणि पुढे प्रवरा ओलांडून मी दुपारी कारखान्याच्या चाळीत पोचलो. वाटभर मी बोलायची वाक्यं जुळवली होती. अक्का दारात पाणी भरत होती. तिनं मला बघितलं, घागर खाली ठेवली आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

"अक्का..."

"कोणाची अक्का? पत्रात तर 'कुमारी दया शांतवन यांस' होतं."

जुळवलेल्यातलं एकही वाक्य मला आठवेना. तिची नजर सायकलकडे गेली. "सायकलवर आलास? इतक्या लांब? चेहरा बघ, वांग्यासारखा झालाय. आत ये आधी."

आत तिनं गूळ-पाणी दिलं. तिच्याही चुलीवर आकडा होता आणि त्याला काजळलेली दोन कणसं टांगलेली होती. मला ती एकदम दिसली आणि मी दुसरीकडे बघू लागलो.

"मी आले होते," ती म्हणाली. "आईच्या दिवशी. कबरस्तानाच्या फाटकापाशी उभी राहिले. सगळे गेल्यावर माती टाकली." मग स्वर बदलून, "वह्या किती झाल्या?"

"सतरावी चालू आहे."

"बाबांची प्रकृती?"

"बरी आहे. आवाज बसतो हल्ली."

"बसणारच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी तिला मोरचुदाची हकिकत सांगितली. काही लपवलं नाही. टक्केही सांगितले. ती ऐकत होती. तेवढ्यात पीटर पाळीवरून आला. हात तेलकट होते. त्यानं अक्काच्या तोंडून सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "म्हणजे बी आमच्याकडून न्यायचं? रोमन जोंधळा आहे हो हा आता. उगवेल ना तुमच्या रानात?"

"गप बसा हो," अक्का म्हणाली.

"नाही, आधी विचारलेलं बरं. सहा मुद्दे निघायचे."

माझे कान तापले. "दाजी, ते पत्र..."

"राहू दे," तो हात पुसत म्हणाला. "चहा घेतोस का?"

चाळीमागं सांडपाण्याच्या कडेला अक्कानं हातभर जागा खणून ठेवली होती. दर वर्षी ती तिथं जोंधळ्याची सहा ताटं लावायची. सहाच, कारण सातव्याला जागा नव्हती. त्यांच्यातून बियाण्याची दोन कणसं धरायची आणि उरलेल्या चार कणसांचा हुरडा दोघांनी खायचा. "पोट भरत नाही," ती म्हणाली, "पण जानेवारी कळतो."

तिनं एक कणीस उतरवून सुपात मळलं. दुसरं आकड्याला तसंच ठेवलं. मी दाणे मोजले. नऊशे बारा भरले. अक्का पेटीतून एक घडी केलेला कागद घेऊन आली. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"अक्का, दुसरा कागद नाही का?"

"कागद मिळतो कुठे हल्ली? आणि हा चांगला आहे. पुण्याचा." तिनं दाणे त्या कागदात बांधून पुडी माझ्या हातात दिली. "रीत ठाऊक आहे ना? बी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. पण पहिलं हुरड्याचं कणीस बी देणाऱ्याच्या दारात आणायचं. आणि ज्यानं पेरलं त्यानं आणायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही."

"मीच पेरणार आहे. मीच आणीन."

निघताना ती सायकलच्या मागं चाळीच्या टोकापर्यंत आली. काहीतरी विचारायचं होतं तिला. शेवटी एवढंच म्हणाली, "जपून जा, नदीला पाणी आहे."

* * *

घरी पत्र येऊन पडलं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत मला सहायकाची जागा मिळाली होती आणि चार दिवसांत हजर व्हायचं होतं. गेलो नाही तर जागा जाणार होती. म्हणजे एकेक दाणा भोकात टोकून मी निघू शकत होतो, पण पाणी देणं, खुरपणी, राखण, बी धरणं हे सगळं बाबांवर पडणार होतं. त्या घरातून आलेलं बी ते हाती धरतील का, हे मला माहीत नव्हतं. ते त्यांनी धरलं नाही तर आईचा जोंधळा अक्काच्या चाळीमागच्या सहा ताटांपुरता उरणार होता.

मी पुडी त्यांच्यापुढे ठेवली आणि कुठून आणली ते सांगितलं. बनुमावशीचं नाव घेतलं नाही. बाबांनी पुडी सोडली. दाणे परातीत ओतले. मग कागदावरची अक्षरं त्यांना दिसली. त्यांनी चष्मा लावला आणि पत्र वाचायला घेतलं. पहिला मुद्दा, दुसरा, सगळे सहा. मी उभा होतो.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"दयाला?"

"हो."

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "शब्द माझे आहेत," ते म्हणाले. "चौथा मुद्दा आठव्या वहीतला. जसाच्या तसा." त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "आणि यात तिनं बी बांधून दिलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रानात गेलो तेव्हा बाबा विहिरीकडच्या तुकड्यात आधीच दोरी ताणून बसले होते. मी काठीनं भोक पाडायचो, ते वाकून दाणा टाकायचे. आई असताना हे काम तिचं होतं आणि ते दोरी धरायचे. साठीच्या माणसाला नऊशे वेळा वाकणं सोपं नाही. मी म्हटलं, आपण अदलाबदल करू. ते म्हणाले, "तू पाणी कधी द्यायचं ते सांग. बोलत राहा, मी ऐकतोय."

पेरणारे ते झाले होते. हे माझ्या लक्षात आलं ते पुण्याच्या गाडीत बसल्यावर.

* * *

बाबांची पत्रं पंधरा दिवसांनी येत. आधीच्या पत्रांत ते आपल्या ग्रंथाबद्दल लिहायचे. आता लिहायचे, 'सातशे चौऱ्याऐंशी उगवली. तू म्हणालास तसे शिंतोडे देऊन पाणी दिले.' नोव्हेंबरात, 'पोंग्यातल्या कोवळ्या पानांत अळी होती, ती चिमटीने काढली. बनुबाई हसते. म्हणते, मास्तर लेकराच्या डोक्यातल्या उवा काढत्यात.' मी कळवलं की शेजारच्या रानातले पराग येऊन जात बिघडू नये म्हणून बियाण्याच्या कणसांना फुलोऱ्याआधी कागदी पिशव्या घालाव्यात, निदान चाळीस तरी. कागद कुठून आणतील, याचा विचार मी केला नाही. युद्ध संपून दोन वर्षं झाली तरी वाडीत कोरा कागद बघायला मिळत नव्हता. बाबांनी उत्तर दिलं, 'पिशव्यांची व्यवस्था झाली. डिंक बाभळीचा वापरला.'

डिसेंबरच्या अखेरच्या पत्रात वेगळंच होतं. 'बी कोणत्या झाडाचे धरायचे हे मला कळत नाही. पिशव्या घातल्या त्या नुसत्या ओळीने घातल्या. तुझी आई लाल दोरा कोणत्या झाडांना बांधत असे? उंच झाडांना की भरल्या कणसांना? मी तिच्याजवळ बत्तीस वर्षे राहिलो. रोज तिला बांधावर बसलेली पाहत असे. काय पाहून ती उठत असे हे मी कधी विचारले नाही. तुला माहीत असल्यास लगेच कळव.'

मला माहीत नव्हतं. मी तिची काणीची कणसं मोजली होती. तिच्या दोऱ्याबद्दल मीही कधी विचारलं नव्हतं. मी एका ओळीचं उत्तर लिहिलं : 'मला ठाऊक नाही, अक्काला असेल.' ते पेटीत टाकायला दोन दिवस लावले, पण टाकलं.

जानेवारीत मला तीन दिवसांची रजा मिळाली. वाडीत पोचलो तर दाराला कडी होती. मी सरळ रानात गेलो आणि बांधावरच थांबलो.

जोंधळा छातीच्या वर गेला होता. आणि त्यातल्या चाळीस-एक कणसांनी कागदाच्या टोप्या घातल्या होत्या. दवानं आणि उन्हानं कागद पिवळे पडले होते, पण अक्षर जागेवर होतं. जवळच्या पिशवीवर मी वाचलं, 'प्रश्न चौथा : यास शास्त्रात आधार कोठे आहे?' पुढच्या ताटावर, 'यावरून वाचकांच्या लक्षात येईल की'. वाऱ्यानं सगळं रान हलकं वाजत होतं. मी वह्यांचा हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला.

"बघितलंस?" बनुमावशी मागं येऊन उभी होती. "मास्तरांनी पोथी फाडली. पयल्या दिशी मला वाटलं, डोसक्यावर परिनाम झाला. मी इचारलं, म्हनले, कागद चांगला जाड हाय."

"बाबा कुठे आहेत?"

"मच्छिंद्रच्या गाडीत बसून गेले काल. श्रीरामपूरच्या बाजाराला. पयलं कनीस फडक्यात गुंडाळून घेतलं हुतं. मांडीवर धरून बसले हुते, जनू कोंबडीचं पिल्लूच."

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना गाडी आली. बाबा उतरले. धुळीनं भरले होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि घरात न जाता रानाकडे चालू लागले. मी बरोबर निघालो.

"दिलं कणीस?"

"दिलं."

"घरात गेलात?"

"दारात दिलं. ये म्हणाली आत. पीटरनं खुर्ची आणली बाहेर." थोडं चालून ते म्हणाले, "खुर्चीवर बसलो. आत नाही गेलो. माझ्या चपला चिखलानं भरल्या होत्या."

जानेवारीत वाटेवर चिखल नव्हता.

"दोऱ्याचं विचारलं?"

"विचारलं. हसली. म्हणाली, बाबा, तुम्ही तर रोज बघत होतात." त्यांचा आवाज बसला होता. "हसताना तिचा आवाज साराचा येतो. मी विसरलो होतो ते."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आई पाखरं बघायची. चिमणीला गोड दाणा आधी कळतो. सगळं रान मोकळं असताना ती आधी ज्या कणसावर बसते, त्याला दोरा." ते बांधावर पोचले होते. "म्हणून गोफण मांडीवर. आणि मी तिला पाखरांच्या सभेवरून बोलायचो."

आम्ही दोघांनी पिशव्या काढायला सुरुवात केली. फुलोरा होऊन गेला होता, आता त्यांची गरजही नव्हती. मला वाटलं होतं, बाबा ते कागद फेकून देतील. त्यांनी एकेक झटकून, सरळ करून, एकावर एक रचले. "पुढच्या वर्षी लागतील," ते म्हणाले. "पिशव्यांना."

"अक्का येणार आहे का?" मी शेवटी विचारलं.

"मी विचारलं नाही." त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि लाल दोऱ्याचं रीळ बाहेर काढलं. "हे तिनं दिलं. म्हणाली, एका रानाला पुरून उरेल." त्यांनी रीळ माझ्या हातात दिलं, मग परत घेतलं आणि स्वतःजवळच ठेवलं.

सकाळी आम्ही ऊन यायच्या आधी बांधावर जाऊन बसलो. आई बसायची ती जागा दगडामुळं ओळखू येत होती. बाबा तिच्या एका बाजूला बसले, मी दुसऱ्या बाजूला. मधली जागा दोघांनीही सोडली. गोफण त्यांच्या मांडीवर होती. शेजारच्या रानांत हाकारे सुरू झाले, पत्र्याचे डबे वाजायला लागले. आमच्या रानावर काही नव्हतं. एक वर्ष उशीर झाला होता मला. 'एक दिवस तरी ये' एवढंच तिनं मागितलं होतं.

"येतील का?" मी कुजबुजलो.

"हलू नकोस."

शेजारच्या रानातून एक थवा उठला, आमच्यावरून पुढे गेला, वळला. त्यातली एक चिमणी सुटून खाली आली. आधी ताटाच्या पानावर बसली, मग उडून तिसऱ्या ओळीतल्या एका बुटक्या झाडावर. ते ना उंच होतं, ना भरल्या कणसाचं. मी ते कधीच निवडलं नसतं. तिनं मान वाकडी करून दाणा टिपला.

मी उठायला लागलो. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात दोऱ्याचं रीळ होतं.

"थांब," ते म्हणाले. "खाऊ दे तिला आधी."